एमबीएसाठी सार्वजनिक विद्यापीठ की खाजगी? तीन सत्रांनंतरचा अनुभव

राज्यातील एका सार्वजनिक विद्यापीठाच्या व्यवस्थापनशास्त्र विभागात मी एमबीए करीत असून तिसरे सत्र आता संपत आले आहे. माझा मामेभाऊ त्याच वर्षी पुण्यातील एका खाजगी विद्यापीठात एमबीएला दाखल झाला. आम्हा दोघांचे पदवीचे गुण जवळपास सारखे होते आणि दोघांनाही दोन्हीकडे प्रवेश मिळण्यासारखा होता, त्यामुळे घरात या निवडीवर बराच काथ्याकूट झाला. दोन्ही संस्थांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण तक्रारी दोन्हींविषयी आहेत आणि त्या या प्रकारच्या बहुतेक संस्थांना कमीअधिक लागू पडतात. माझे मत आधीच सांगते: शुल्कात जो मोठा फरक आहे, त्यातून अधिक चांगले शिकवणे मिळते असे मला दिसले नाही; शिस्त, वेळापत्रक आणि ओळखीपाळखी मात्र नक्की मिळतात, आणि त्यांची किंमत खऱ्या अर्थाने पहिली नोकरी निवडताना मोजावी लागते.

प्रवेशाच्या वेळी पालक तीन निरनिराळ्या प्रकारच्या संस्था एकाच गटात टाकतात, तो घोटाळा आधी दूर करायला हवा. राज्यातील बहुतेक खाजगी एमबीए महाविद्यालये सार्वजनिक विद्यापीठांना संलग्न आहेत. तिथली पदवी त्या सार्वजनिक विद्यापीठाचीच असते, प्रवेश मुख्यतः राज्य सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या, फेऱ्यांमधून होतो आणि शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. दुसरा प्रकार अभिमत विद्यापीठांचा. त्यांना विद्यापीठ अनुदान आयोग (यूजीसी) कायदा, १९५६ च्या कलम ३ खाली हा दर्जा मिळतो आणि पुण्याचे सिंबायोसिस व मुंबईचे एनमिम्स ही त्यांतली सर्वांना ठाऊक असलेली नावे. तिसरा प्रकार विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेल्या स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांचा. या शेवटच्या दोन प्रकारांत अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी हे सारे त्या विद्यापीठाच्याच हातात असते. पीजीडीएम हे प्रकरण आणखी वेगळे. ती पदवी नसून पदविका आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. मामेभावाची संस्था तिसऱ्या प्रकारातली आहे, आणि माझा विभाग हा महाविद्यालय नसून विद्यापीठाच्या आवारातला स्वतःचा पदव्युत्तर विभाग आहे. पुढची तुलना या दोहोंपुरतीच समजावी.

निवड करताना गुणवत्तेइतकाच, किंबहुना अधिकच, परिणाम दिनदर्शिकेचा होतो असा आमचा अनुभव आहे. सिंबायोसिसच्या स्नॅपसारख्या प्रवेश परीक्षा डिसेंबरात होतात, निकाल जानेवारीत लागतात, आणि खाजगी विद्यापीठांच्या मुलाखती त्याच सुमारास सुरू होतात. राज्याची सीईटी होते मार्च-एप्रिलच्या सुमारास. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटे, आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. त्यानंतर निकाल, कागदपत्रांची पडताळणी, हरकती, तात्पुरती गुणवत्ता यादी, अंतिम यादी आणि मग कॅपच्या फेऱ्या, असे करता करता पावसाळा सरत येतो. मामेभावाला फेब्रुवारीतच प्रवेश मिळाल्याचे पत्र आले आणि ठरलेल्या मुदतीत पहिला हप्ता भरला नाही तर जागा जाईल असे फोन सुरू झाले. फोन करणारी मंडळी अतिशय अदबीने बोलत होती, दर दोन दिवसांनी बोलत होती, आणि थेट मामाशी बोलत होती. सीईटीचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे धैर्य मामाला झाले नाही, आणि त्यात त्याला दोष देता येणार नाही. मात्र प्रवेश रद्द केल्यास शुल्कपरताव्याबाबत यूजीसी दरवर्षी धोरण जाहीर करते, हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते. २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द करणाऱ्यास पूर्ण शुल्क, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत रद्द करणाऱ्यास जास्तीत जास्त एक हजार रुपये कापून बाकीचे शुल्क परत द्यावे, असे आयोगाने कळवले होते. आपल्या वर्षाचे असे परिपत्रक आणि संस्थेने छापलेले नियम शेजारी ठेवून वाचावेत, मगच हप्ता भरावा.

आता पैशांचे. माझे दोन वर्षांचे शुल्क वसतिगृह धरून दोन लाखांच्या आत बसते. मामेभावाचा खर्च राहण्याखाण्यासह चौदा लाखांच्या वर जाईल, आणि त्यातले बारा लाख कर्जाचे आहेत. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत केंद्राच्या पतहमी योजनेखाली तारणाशिवाय मिळू शकते. त्याच्या वर गेले की बँक साधारणपणे तारण मागते, आणि मामाने राहते घर तारण ठेवले. दहा टक्के व्याज आणि दहा वर्षांची मुदत धरली तर बारा लाखांचा मासिक हप्ता १५,८५० रुपयांच्या आसपास येतो आणि एकूण परतफेड १९ लाखांच्या घरात जाते. शिक्षणकाळात साचणारे व्याज यात धरलेले नाही. जुन्या करप्रणालीत शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत प्राप्तिकरात वजावट मिळते, पण ज्याचा पहिला पगारच बेताचा आहे त्याला तिचा फारसा उपयोग नाही.

याउलट कॅपमधून प्रवेश घेणाऱ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. शिवाय २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागास प्रवर्गातील, आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्या निर्णयातून खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली होती. आमच्या घरचे उत्पन्न मर्यादेत बसत नसल्याने मला लाभ मिळाला नाही, परंतु माझ्या खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीचे एमबीए त्या एका निर्णयामुळे शक्य झाले. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी संकेतस्थळावर तिचा अर्ज किती काळ ‘प्रलंबित’ दिसत होता, तो मात्र वेगळ्या लेखाचा विषय होईल.

शिकवण्याविषयी लिहिताना सावध राहायला हवे, कारण दोन्हीकडे उत्तम आणि सुमार असे दोन्ही शिक्षक आहेत. आमच्या विभागात मंजूर पदांपैकी कित्येक रिक्त आहेत आणि बराच भार तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वाहतात. याचा तोटा उघड आहे: सत्र सुरू होऊन महिना उलटला तरी एका विषयाला शिक्षक नव्हते, आणि नंतर तो विषय घाईघाईने उरकण्यात आला. पण माझा सर्वांत चांगला विषयही तासिका तत्त्वावर येणाऱ्या एका सनदी लेखापाल सरांनीच शिकवला. आमचे तासगावला बेदाण्याचे अडत दुकान आहे. खेळत्या भांडवलाचे प्रकरण सुरू झाले तेव्हा सरांनी प्रत्येकाला आपल्या ओळखीच्या एका धंद्याची वही आणायला सांगितली, आणि मी बाबांची खतावणी घेऊन गेले. अडत्याने शेतकऱ्याला पैसे आधी द्यायचे आणि खरेदीदाराकडून नंतर वसूल करायचे, या मधल्या दिवसांचे व्याज कोण भरतो, असा साधा प्रश्न सरांनी विचारला. दहा लाखांचा माल साठ दिवस उधारीवर राहिला आणि कॅश क्रेडिटचा (खेळत्या भांडवलासाठीच्या बँककर्जाचा) दर ११ टक्के असला, तर नुसते व्याज १८ हजारांवर जाते. त्या हिशेबाने एकेका खरेदीदाराचे खाते तपासले, तेव्हा ज्या जुन्या गिऱ्हाइकाला बाबा सर्वांत भरवशाचे मानत होते त्याच्या उधारीत आमच्या अडतीतला मोठा वाटा जात असल्याचे दिसले. बाबांना ते पटायला दिवाळी उजाडावी लागली, पण त्या गिऱ्हाइकाची मुदत आता कमी झाली आहे.

मामेभावाकडे हाच विषय परदेशी व्यवस्थापन संस्थांच्या विकत घेतलेल्या केसवर (कंपन्यांच्या लिखित उदाहरणांवर) आणि संगणकावरच्या एका व्यापारखेळावर शिकवला गेला. त्याचे सादरीकरण माझ्यापेक्षा कितीतरी सफाईदार आहे, इंग्रजीत अडखळत नाही, आणि दहा मिनिटांत दहा स्लाइड कशा संपवायच्या हे त्याला बरोबर कळते. माझ्या वर्गात व्याख्यान इंग्रजीत, चर्चा मराठीत आणि उत्तरपत्रिका पुन्हा इंग्रजीत असा मामला असतो. विषय समजायला याची मदत होते. गटचर्चेच्या फेरीत मात्र आमची मुले मागे पडतात, आणि विभाग त्यासाठी काही करीत नाही. या एका बाबतीत खाजगी विद्यापीठ निःसंशय सरस आहे.

कार्यालयीन कामकाजाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माहितीपुस्तिकेत ते कुठेच नसते. उन्हाळी प्रकल्पासाठी कंपनीने बोनाफाईड मागितले. विभागातून अर्ज पुढे पाठवला गेला, मुख्य इमारतीत गेल्यावर चलन भरून या असे सांगण्यात आले, चलन भरून आणले तर सही करणारे साहेब रजेवर होते, आणि साहेब आले तेव्हा अर्जावरचा आवक क्रमांक दिसत नाही म्हणून तो परत विभागात गेला. मामेभावाला तेच पत्र भ्रमणध्वनीवरच्या ॲपमधून त्याच संध्याकाळी मिळाले होते. पुनर्मूल्यांकनाचा निकाल पुढच्या सत्राची परीक्षा तोंडावर आली तरी लागलेला नव्हता. असल्या गोष्टींनी कोणाचे शिक्षण बुडत नाही. तथापि ज्याला पाठपुरावा करण्याचा स्वभावतः कंटाळा आहे, त्याने सार्वजनिक विद्यापीठात जाण्याआधी दहा वेळा विचार करावा. तिकडे संस्था विद्यार्थ्याच्या मागे लागते: हजेरी ७५ टक्क्यांखाली गेली की घरी संदेश जातो, असाइनमेंट चुकली की गुण कापले जातात. आमच्याकडे विद्यार्थ्यालाच संस्थेच्या मागे लागावे लागते.

विद्यापीठ आवाराचा एक फायदा मात्र मला आत आल्यावरच कळला. संख्याशास्त्र, विधी, अर्थशास्त्र हे विभाग हाकेच्या अंतरावर आहेत. माझ्या प्रकल्पात बेदाण्याच्या भावातील हंगामी चढउतार तपासायचे होते. संख्याशास्त्र विभागातील एका संशोधक विद्यार्थ्याने काळश्रेणीचे विश्लेषण कसे करायचे ते समोर बसून दाखवले. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे असते आणि महागडी संदर्भपुस्तके तिथे मिळतात. खाजगी विद्यापीठाचे ग्रंथालय दिसायला देखणे आणि वातानुकूलित आहे, पण मी दोनदा गेले तेव्हा तिथे बहुतेक जण प्लेसमेंटची तयारी करीत बसले होते.

प्लेसमेंटचा विषय टाळता येणार नाही. आमच्याकडे प्लेसमेंट समिती म्हणजे विद्यार्थीच. कंपन्यांचे संपर्क मागच्या तुकडीने दिलेल्या एका एक्सेल फाइलीत असतात आणि आम्ही आळीपाळीने फोन करतो. बँका, वित्तसंस्था, एमआयडीसीतील मध्यम कारखाने आणि काही सल्लागार कंपन्या येतात. मोठ्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपन्या सहसा येत नाहीत. मामेभावाकडे त्यासाठी पगारी माणसे आहेत आणि कंपन्यांची यादी आमच्यापेक्षा लांब आहे. परंतु तिकडच्या पुस्तिकेत सर्वोच्च पॅकेज ठळक अक्षरांत छापलेले असते आणि मध्यक, म्हणजे वेतने क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, शोधावा लागतो. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या संस्थांच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्था किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले, किती जणांना नोकरी लागली आणि त्यांच्या वेतनाचा मध्यक किती, ही माहिती संकेतस्थळावर ठेवतात. पुस्तिकेऐवजी तो तक्ता पाहावा, आणि तो सापडत नसेल तर विचारावा. मामेभावाला आता दोन नियुक्तिपत्रे मिळाली आहेत. त्यांपैकी लहान कंपनीतले काम त्याला मनापासून आवडले होते, पण तिथला पगार हप्ता आणि पुण्यातले भाडे भागवून हाती फार काही ठेवत नव्हता, म्हणून त्याने दुसरी, विमा विक्रीची नोकरी स्वीकारली. चौदा लाखांचा हिशेब घालताना ही बाजू आमच्यापैकी कोणीही मांडली नव्हती.

सार्वजनिक विद्यापीठाची बाजू घेणारे लोक हमखास ‘बजाज’चे उदाहरण देतात. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज व्यवस्थापन अभ्यास संस्था १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने सुरू झाली आणि उदय कोटक, अजय पिरामल यांच्यासारखे उद्योजक तिथून बाहेर पडले, हे खरेच आहे. पण ती चर्चगेटला आहे, बँका आणि कंपन्यांची मुख्यालये पायी चालण्याच्या अंतरावर असलेल्या काळात ती वाढली, आणि तिथल्या मोजक्या जागांसाठी सीईटीत किती वर असावे लागते हे परीक्षा दिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिचा दाखला देऊन कोणत्याही विद्यापीठाच्या कोणत्याही विभागाची भलामण करणे योग्य नाही.

मला परत अडत दुकानात जायचे आहे आणि जमले तर शीतगृहात भागीदारी करायची आहे, म्हणून मला माझी निवड लाभली. ज्याला मोठ्या शहरातील कंपनीतच शिरायचे आहे, ज्याच्या घरी तारण न ठेवता शुल्क भरण्याची ऐपत आहे आणि ज्याला इंग्रजी संभाषणाचा सराव हवा आहे, त्याने खाजगी विद्यापीठ निवडले तर मी त्याला अडवणार नाही. कर्ज काढूनच जायचे असेल तर मात्र मध्यक वेतनातून हप्ता आणि खोलीभाडे वजा करून काय उरते ते कागदावर मांडावे. निर्णयाआधी दोन्ही ठिकाणी सुट्टी नसलेल्या दिवशी, न कळवता, एक फेरी मारावी. सूचनाफलकावरील चालू सत्राचे वेळापत्रक वाचावे, शिक्षकाच्या नावाची जागा किती ठिकाणी कोरी आहे ते पाहावे, आणि उपाहारगृहात बसलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना उन्हाळी प्रकल्प कोणी मिळवून दिला एवढेच विचारावे.