खजुरी बाजारातील जुन्या पुस्तकांचे दुकान आणि एक पाणबुडी कप्तान

इंदूरच्या खजुरी बाजारातील एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी मार्टिन नीमोलर यांचे इंग्रजी चरित्र घेतले. १९१८ मध्ये जर्मन पाणबुडीचे कप्तान असलेले नीमोलर पराभवानंतर पाणबुड्या इंग्लंडला पोहोचवण्यास नकार देऊन नौदलातून बाहेर पडले, काही काळ शेतावर राबले, धर्मशास्त्र शिकून १९२४ मध्ये पाद्री झाले आणि वेस्टफालियात, स्वदेशातीलच गरिबांत सेवा व धर्मप्रसार करणाऱ्या मिशनचे कामकाज पाहू लागले. (ल्यूथरपंथी पाद्र्याचाच हा मुलगा, तेव्हा हे वळण अगदीच अनपेक्षित म्हणता येणार नाही.)

पुस्तकाचा पूर्वीचा मालक बहुधा महूच्या छावणीतला असावा, कारण नौदलाच्या प्रकरणांत समासभर शिसपेन्सिलीच्या खुणा आहेत आणि चर्चच्या प्रकरणांत एकही नाही. दुकानदाराने नवा पुठ्ठा बांधून दिला खरा; पण १९३७ ची नाझी राजवटीने केलेली अटक व पुढे डाखाउच्या छळछावणीपर्यंतचा बंदिवास सांगणारी पाने खळीने एकमेकांस चिकटली होती आणि ती मला घरी सुरीने एकेक करून सोडवावी लागली. किंमत तक्रार करण्याजोगी नव्हती. बांधणी मात्र यापुढे मी दुसरीकडून करून घेईन.