दादाचा आजार : नागपूर की मुंबई?

दादाला ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूतली वेगानं वाढणारी कर्करोगाची गाठ, निघाला तेव्हा वावरात पऱ्हाटी फुटली होती. साऱ्या गावाचा एकच सूर, "मुंबईले टाटात न्या." आम्ही नागपूर धरलं.

परळच्या टाटात मेंदूच्या गाठींचे अनुभवी तज्ज्ञ आहेत, नव्या औषधांच्या चाचणीत जागा मिळायची शक्यताही तिकडेच जास्त. पण रेडिएशन आठवड्यातून 5 दिवस, असे 6 आठवडे. म्हणजे दीड महिना भाड्याची खोली, डबा आणि सोबतीला एक माणूस; मग कापूस कोण वेचणार?

नागपूरहून शनिवार-रविवार दादा घरी यायचा, ओसरीवर बसायचा. शेवटी वहिनीचं नाव विसरला, बैलाचं नाही. वहिनी त्यावरही हसली होती.

मूळ उपचार दोन्हीकडे तोच: ऑपरेशन, रेडिएशन, टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. 2005 च्या ज्या अभ्यासावरून ही पद्धत रूढ झाली, त्यात रेडिएशनसोबत गोळी दिल्यावर निम्मे रुग्ण जितके महिने तरी जगले, तो काळ 12.1 वरून 14.6 महिन्यांवर गेला. अडीच महिने! 2024 मध्ये अमेरिकेत व्होरासिडेनिबला मंजुरी मिळाली, पण ती आयडीएच जनुकात बदल असलेल्या, हळू वाढणाऱ्या गाठींसाठी. दादाची गाठ तशी नव्हती. आशा मात्र अशाच औषधांवर आहे.

आज कोणी विचारलं तर सांगतो: पेशंटला नागपुरातच ठेवा. गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि एमआरआयची सीडी घेऊन घरातल्या एकानं मुंबई गाठावी, नव्या औषधांच्या चाचणीबद्दल विचारावं. आम्हाला ते तेव्हा कोणी सांगितलं नाही.