दात चकाचक, पावती आंघोळीची

कुत्र्याचे दात 'बेशुद्ध न करता, वीस मिनिटांत' साफ करून देतो असं कुणी सांगितलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा.

आमचा चिकू पॉमेरेनियन, नऊ वर्षांचा. या छोट्या जातींच्या तोंडात दातांची दाटी, त्यामुळे कीटण लवकर धरतं. तोंडाला वास मारायला लागला होता. पुण्यातल्या एका ग्रूमिंग पार्लरने साडेतीन हजारांचं 'डेंटल पॅकेज' गळ्यात मारलं. 'डॉक्टर भूल देतात, वय झालेला कुत्रा उठलाच नाही तर?' हे तिथला मुलगा इतक्या सहज बोलून गेला की पुढचं काही विचारायचं सुचेना.

एकाने चिकूला टॉवेलमध्ये गुंडाळून मान धरली, दुसऱ्याने आकड्यासारख्या हत्याराने सुळ्यांवरचं कीटण खरवडलं. पिवळ्या कपच्या टॉवेलवर पडत होत्या. हिरडीतून रक्त आलं, तर 'थोडं येतंच, मॅडम'. मग आधीचा आणि नंतरचा फोटो. निघताना एक टूथपेस्टही हातात टेकवली, ती माणसांची! अशा काही पेस्टमध्ये गोडीसाठी झायलिटॉल घातलेलं असतं, ते कुत्र्याला विष आहे. ती तेवढी वापरली नाही.

फोटोत दिसतात सुळे आणि पुढचे दात. कुत्र्याला दात असतात 42, आणि खरा रोग हिरडीच्या आत. दिवाळीच्या सुमारास चिकूच्या डोळ्याखाली सूज आली. आम्हाला वाटलं गांधीलमाशी चावली. डॉक्टरांनी ओठ वर करून पाहिलं आणि लगेच वरच्या मोठ्या दाढेवर बोट ठेवलं. तिची मुळं डोळ्याच्या खालीच असतात. भूल देऊन एक्स-रे काढला तर मुळाशी पू. दाढ काढावी लागली. बाहेरून पांढरीशुभ्र होती.

डॉक्टर म्हणाले, जागा असलेला कुत्रा हिरडीखाली हत्यार घालू देईल का? म्हणून आधी रक्ततपासणी, मग भूल आणि श्वासनलिकेत नळी. नळीचा फुगा फुगवला की पाणी, घाण फुप्फुसात उतरत नाही. मग अल्ट्रासॉनिक स्केलर, म्हणजे कंपनांनी कीटण काढणारं यंत्र, शेवटी पॉलिश. नुसतं खरवडून सोडलं की दातावर ओरखडे राहतात आणि कीटण पुन्हा लवकर बसतं. भुलीत धोका अजिबात नाही असं तेही म्हणाले नाहीत. तो आधी तपासून कमी करता येतो, एवढंच.

पार्लरला जाब विचारला. दारावर 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली' अशी पाटी आहे. कोण डॉक्टर? 'ते रविवारी येतात.' मालक त्याच्याही वरचा: 'आम्ही कुठे उपचार केले? आम्ही ग्रूमिंग करतो.' घरी येऊन पावती काढली. 'बाथ, नेल ट्रिम, इतर.' दाताचं नावही नाही!

जनावरांवर उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानेच करायचे, असा 1984 चा केंद्राचा कायदा आहे. तेव्हा भूल कोण देणार आणि एक्स-रे आहे का, हे आधी विचारा. डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक आणि केलेलं काम पावतीवर लिहून मागा. आढेवेढे घेतले तर कुत्रा उचलून सरळ बाहेर पडा.

आमच्या हाती पुरावा एकच, त्यांनीच इन्स्टाग्रामवर टाकलेला चिकूच्या दातांचा फोटो, खाली 'डेंटल स्केलिंग' असं लिहिलेला. तारखेसकट स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाय. वकील मैत्रीण म्हणते, नोटीस पाठवायला तेवढं पुरे.