हीटर होजचे अ‍ॅल्युमिनियम कनेक्टर : ग्वाल्हेरच्या थंडीपासून पावसापर्यंत, आठ महिन्यांचा अनुभव

मागच्या नोव्हेंबरात आमच्या अकरा वर्षांच्या डिझेल गाडीचे हीटर होजचे, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी गाडीतल्या हीटरकडे नेणाऱ्या रबरी नळ्यांचे, दोन्ही प्लास्टिक कनेक्टर काढून अ‍ॅल्युमिनियमचे बसवले. आता जुलै चालू आहे आणि गाडी साधारण नऊ हजार किलोमीटर फिरली आहे. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर ‘छान आहेत, घ्या’ एवढ्यावरच थांबलो असतो.

वास आधी आईला आला. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून घरी येताना म्हणाली, ‘‘अरे, गाडीत काकवीसारखं काहीतरी गोड येतंय.’’ दुसऱ्या दिवशी बॉनेट उघडलं, तर कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी खालच्या खुणेपाशी. इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीतून हीटरचे दोन पाइप बाहेर येतात, तिथल्या कनेक्टरवर सुकलेल्या कूलंटची गुलाबी खपली धरली होती. नखानं खरवडली तर भुगा पडला. पायाखालचं कार्पेट कोरडं होतं, काचेवर तेलकट धूसरपणाही नव्हता. म्हणजे हीटर कोअर (डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर) शाबूत होता, गळत होता तो जोड. खूप हायसं वाटलं, कारण कोअर बदलायचा तर अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.

आपल्याकडे हीटर लागतो फार तर डिसेंबर-जानेवारीत, बाकी वर्षभर हा जोड आरामात असणार, असं मला वाटायचं. ते चूक होतं. आमच्या गाडीसारख्या बऱ्याच गाड्यांत हीटरच्या नळीला कॉक नसतो. तापमानाचा नॉब फिरवला की आत फक्त हवेची झडप सरकते, गरम पाणी कोअरमधून बाराही महिने फिरत असतं. पंचेचाळीस डिग्रीच्या मे महिन्यातही त्या कनेक्टरमधून नव्वदच्या आसपासचं पाणी दाबाखाली जात असतं. इतकी वर्षं असं शेकून निघाल्यावर कनेक्टरचं नायलॉन ठिसूळ होणारच.

काढण्याचं काम बसवण्यापेक्षा कितीतरी नाजूक आहे, म्हणून ते नीट सांगतो. इंजिन रात्रभर थंड होऊ दिलं, कूलंट परातीत काढून घेतलं. ते लगेच झाकून ठेवा. गोड असतं पण विषारी आहे, आणि थंडीत गल्लीतली कुत्री गाडीखालीच झोपतात. हाताशी आमचा नेहमीचा मिस्त्री होता. त्यानं होज धरला आणि विचारलं, ‘‘भैया, एक झटका दूँ?’’ मी त्याचा हातच धरला. होज ओढायचा नाही, आधी पाइपच्या दिशेनं आत दाबायचा. तसं केलं की लॉकच्या बोटांवरचा ताण जातो. मग कनेक्टरच्या दोन्ही बाजूंचे कान एकदम दाबायचे आणि किंचित डावी-उजवीकडे फिरवत सरळ रेषेत मागे घ्यायचं. पहिला कनेक्टर असा अलगद आला.

दुसऱ्याचा कान मोडला आणि प्लास्टिकची कडी पाइपावरच राहिली. इथे पक्कड लावून पिळण्याचा मोह होतो. पण कोअरचा पाइप पातळ अ‍ॅल्युमिनियमचा असतो, वाकला की संपलं. हॅकसॉच्या पात्यानं कडीला लांबीत अर्धवट खाच पाडली, त्यात चपटा स्क्रू ड्रायव्हर घालून फिरवला, तेव्हा ती तडकून सुटली. या एका कडीला चाळीस मिनिटं गेली, पण पाइपाला ओरखडा नाही. पाइपावरचा जुना थर भांड्यांच्या हिरव्या घासणीनं हलक्या हातानं काढला.

नव्या कनेक्टरचं काम सुबक आहे. ओ-रिंगला, म्हणजे जोडातल्या रबरी कडीला, फक्त थोडं कूलंट लावलं. इंजिन ऑइल किंवा व्हॅसलीन लावू नका, या जोडात सहसा ईपीडीएम रबर असतं आणि ते तेलानं फुगतं. कनेक्टर ‘टक’ करून बसतो. बसल्यावर एकदा मागे ओढून बघा, हलला नाही तरच बरोबर. नंतर गाडीचं पुढचं तोंड चढावर ठेवून, हीटर पूर्ण गरमवर लावून हवा काढली. डॅशबोर्डमागे घागर बुडताना होतो तसा आवाज येत असेल तर हवा अजून आत आहे.

तक्रार एकच, सोबत आलेल्या स्क्रूच्या पट्टी क्लिपांची. जानेवारीत धुक्याच्या एका सकाळी, पारा पाचच्या आसपास, क्लिपेखाली एक थेंब लटकलेला दिसला. दुपारी पुसून बघितलं तर कोरडं. रबर थंडीत आकसतं, पट्टी मात्र आहे तिथेच राहते. मी एकदा आवळली, चार दिवसांनी पुन्हा थेंब. मग होजच्या मापाच्या स्प्रिंग क्लिपा आणल्या; रबर आकसलं की त्या आपोआप आवळत जातात. तेव्हापासून एक थेंब नाही. विक्रेत्यानं या पहिल्यापासूनच द्यायला हव्या होत्या.

मे महिन्यात शिवपुरी, गुणा करत इंदूरला मावशीकडे जाऊन आलो. भर दुपार, गाडीत पाच माणसं, एसी पूर्ण वेळ चालू. इंजिनाच्या तापमानाचा काटा हलला नाही. परतल्यावर दोन्ही जोडांभोवती पांढरा कागद फिरवला, तो तसाच कोरा निघाला. कूलंटची पातळी फेब्रुवारीपासून त्याच रेषेवर आहे.

अ‍ॅल्युमिनियम घेतलंत तर नळाचं पाणी ओतण्याची सवय मात्र सोडा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं ठेवा आणि कूलंट मुदतीत बदला. त्यातली गंजरोधक द्रव्यं संपली की धातूला खड्डे पडायला लागतात, आणि मग प्लास्टिक गेलं काय नि अ‍ॅल्युमिनियम गेलं काय, सारखंच.

इंजिनाच्या बाजूचा टी जोड अजून जुना प्लास्टिकचाच आहे. त्याचा रंग बदललाय, गळती नाही. पार्ट आणून ठेवलाय. पाऊस ओसरला की, दसऱ्याच्या आत तोही बदलणार आहे.