रोडला आणि ट्रॅकला एकच टायर? चार सेट घासल्यावरचा रिव्ह्यू

गाडी टोयोटा ८६, म्हणजे छोटी स्पोर्ट्स कार, पहिल्या पिढीतली, वजन साधारण १२४० किलो, इंजिन जसं आलं तसंच. आठवडाभर ऑफिसला जाते आणि महिन्यातून एखादा दिवस रेस ट्रॅकवर (यालाच ट्रॅक डे म्हणतात), आणि ट्रॅकवर जाते ती स्वतःच्या चाकांवर. ट्रेलर नाही, चाकांचा दुसरा सेट नाही, डिकीत फक्त एक जॅक, टॉर्क रेंच आणि हवेचा गेज. हे आधीच सांगून टाकतो कारण टायरचा रिव्ह्यू वाचताना गाडी ट्रॅकपर्यंत पोचते कशी आणि घरी परत येते कशी हे माहीत नसेल तर बाकीचं वाचून काही उपयोग नाही. ट्रेलरवाल्याला जो टायर बेस्ट वाटतो तो माझ्यासाठी संकट असू शकतो, आणि तसं एकदा झालंय पण, येतो त्यावर.

पहिला सेट म्हणजे गाडीबरोबर आलेला, मिशेलिन प्रायमसी एचपी, २१५/४५ आर १७. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा स्पोर्ट्स टायरच नाही, शांत आणि जास्त चालणारा फॅमिली कारचा टायर आहे, आणि २०१२ साली ८६ आली तेव्हा यावरून भरपूर चेष्टा झाली होती. पण मला विचाराल तर शिकायला यासारखा मास्तर नाही! ग्रिप कमी, त्यामुळे गाडी कमी स्पीडला घसरते, आणि घसरायच्या आधी टायर आरडाओरडा करून सांगतो की बाबा आता जरा आवर. पहिले सहा-सात ट्रॅक डे मी यावरच केले आणि आता वाटतं अजून चार करायला हवे होते. तेव्हा मात्र कधी एकदा हे काढतोय आणि चिकट टायर लावतोय असं झालं होतं, जे सगळ्यांचंच होतं.

मग दुसरा सेट. एका मोठ्या कंपनीचा वरच्या दर्जाचा समर टायर, म्हणजे थंडी सोडून बाकी हवेसाठीचा रोडचा टायर, नाव देत नाही कारण जे झालं त्यात टायरपेक्षा माझीच चूक जास्त. रोडवर एक नंबर होता, पावसात ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी, आवाज नाही, तक्रार नाही. ट्रॅकवर पहिले तीन लॅप स्वर्ग, चौथ्या लॅपला स्टिअरिंग जरा सैल वाटायला लागलं, सहाव्याला पुढची चाकं वळायचं नावच घेईनात, आणि मी शहाणा, स्टिअरिंग अजून वळवतोय. सेशन संपल्यावर पाहिलं तर पुढच्या दोन्ही टायरच्या बाहेरच्या कडेचे रबराचे ठोकळे सोलून निघालेले. आतली बाजू नवीकोरी आणि बाहेरची कुरतडलेली.

असं का झालं ते नीट समजायला मला वेळ लागला. रोडच्या टायरची नक्षी खोल असते, नवीन असताना ७-८ मिमी, आणि त्यात पाण्यासाठी भरपूर चिरा. त्यामुळे प्रत्येक ठोकळा उंच आणि सुटा उभा. कॉर्नरमध्ये जोर आला की तो ठोकळा वाकतो, परत सरळ होतो, परत वाकतो, आणि या वाकण्यातनंच आतल्या आत उष्णता तयार होते. कंपाउंड, म्हणजे टायरच्या रबराचं मिश्रण, एका तापमानापर्यंत चांगलं चिकटतं, त्यापुढे ते मऊ आणि बुळबुळीत होतं आणि शेवटी तुकडे पडायला लागतात. त्यात ८६ ला पुढच्या चाकांना कंपनीकडून कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत किंवा बाहेर किती कललाय तो कोन) जवळजवळ शून्य, म्हणजे गाडी कलली की सगळा भार बाहेरच्या दोन बोटांवर. टायरची रुंदी २१५, वापरली जाते त्यातली निम्मी. म्हणजे मी टायर बदलायच्या आधी अलाइनमेंट बदलायला हवी होती. नंतर कॅम्बर बोल्ट टाकून पुढे दोन अंशांच्या आसपास निगेटिव्ह, म्हणजे वरून आत कललेला, करून घेतला आणि टायर कुठलाही असो, आयुष्य सरळ वाढलं. तुमच्या टायरची बाहेरची कड आधी जात असेल तर नवीन टायरचा रिव्ह्यू वाचणं थांबवा आणि आधी हे करा.

एक स्वस्तातली युक्ती, साइडवॉल (टायरची बाजू) आणि ट्रेड (रस्त्याला टेकणारा नक्षीचा भाग) जिथे मिळतात तिथे खडूने रेघा मारायच्या आणि एक सेशन करून यायचं. खडू कुठपर्यंत पुसला गेलाय त्यावरून टायर किती आडवा झोपतोय ते कळतं. बऱ्याच टायरना तिथे छोटा त्रिकोण छापलेला असतो, पुसल्याची खूण त्या त्रिकोणाच्या पुढे साइडवॉलवर गेली असेल तर हवा कमी आहे किंवा कॅम्बर कमी आहे, बहुतेक वेळा दोन्ही.

आता ट्रेडवेअरच्या, म्हणजे टायर किती टिकेल त्याच्या, आकड्याबद्दल बोलतो, कारण निवडताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. साइडवॉलवर ३००, २००, १०० असं काहीतरी लिहिलेलं असतं. ही अमेरिकेतली सरकारी पद्धत, टेक्सासमध्ये सॅन अँजेलोच्या आसपासच्या ठरलेल्या रस्त्यावर गाड्यांचा ताफा ७२०० मैल म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटरच्या आसपास चालवतात, आणि ठरवलेल्या संदर्भ टायरच्या तुलनेत झीज मोजतात. १०० म्हणजे त्या संदर्भाइतका, २०० म्हणजे दुप्पट टिकणारा. पण शेवटी आकडा छापते ती कंपनीच, आणि तो झिजेचा आकडा आहे, ग्रिपचा नाही. त्याच्या शेजारी जे एए किंवा ए लिहिलेलं असतं ते ट्रॅक्शन, पण ते ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत चाक लॉक करून मोजलेलं, कॉर्नरिंगशी त्याचा संबंध शून्य.

त्यातून गंमत अशी झालीये की बऱ्याच हौशी स्पर्धांमध्ये नियम आहे की टायर किमान २०० चा पाहिजे. मग काय, सगळ्या कंपन्या बरोब्बर २०० छापतात. योकोहामा अॅडव्हान ए०५२ वर २००, फाल्कन अझेनिस आरटी६६० वर २००, हँकूक व्हेंटस आरएस४ वर पण २००. पण यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ए०५२ पटकन गरम होतो आणि एक-दोन लॅपमध्ये जीव तोडून ग्रिप देतो, म्हणून एकेक लॅपच्या टाइम अटॅकवाल्यांचा लाडका, पण वीस मिनिटांच्या सेशनला तो बनलेलाच नाही आणि झिजतो पण भराभर. आरएस४ उलट स्वभावाचा, एंड्युरन्स म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या रेसवाले वापरतात, पहिल्या लॅपला थंडा पण मग तासभर तसाच. एकच आकडा, आणि एक शंभर मीटर पळणारा तर दुसरा मॅरेथॉनवाला. त्यामुळे कोणी म्हणालं "कुठलाही २०० वाला घे रे" तर मान डोलवायची आणि सोडून द्यायचं.

तिसरा सेट मी घेतला तो याच्याही पुढचा, म्हणजे सेमीस्लिक, जवळजवळ नक्षी नसलेला पण रोडवर चालणारा ट्रॅकचा टायर. मिशेलिन कप २, पिरेली ट्रोफेओ आर, टोयो आर८८८आर ही या घराण्यातली प्रसिद्ध नावं, माझा या तिघांपैकी नव्हता, कोणता होता ते जाऊ दे. ट्रॅकवर काय सांगू राव, वेगळीच गाडी! ज्या कॉर्नरला मी तिसऱ्यात हळूच जायचो तिथे अजून दोन सेकंद ॲक्सिलरेटरवर पाय ठेवता यायचा. पण टायरने ग्रिप दिली की त्या ग्रिपचं बिल बाकीचे पार्ट भरतात. ब्रेक जोरात दाबता यायला लागले म्हणून पॅड तापले, फ्लुइड उकळलं, पेडल स्पंजसारखं मऊ पडलं, मग पॅड बदला, फ्लुइड बदला, व्हील बेअरिंगवर पण भार वाढतोच. आणि मी ड्रायव्हर म्हणून बिघडलो ते वेगळंच, कारण या टायरला आवाज नाही, इशारा नाही, सगळं पकडून ठेवतो, ठेवतो, आणि सोडतो तेव्हा एकदम सोडतो. प्रायमसीवर जी चूक ऐंशीला कळायची ती इथे एकशेवीसला कळते.

पण मी तो काढला तो यामुळे नाही. काढला तो परतीच्या प्रवासामुळे. दिवसभर कोरडं होतं, निघताना अंधार आणि धो धो पाऊस, हायवेच्या डाव्या लेनमध्ये पाण्याचं तळं, आणि टायरवर नक्षी म्हणजे नुसत्या चार रेघा, त्याही ट्रॅकवर अर्ध्या झिजलेल्या. ७० च्या स्पीडला स्टिअरिंग एकदम हलकं झालं, म्हणजे वळवतोय पण पलीकडे कोणी ऐकतच नाहीये असं. पोटात गोळा आला. पाय अलगद उचलला, ब्रेकला हात... म्हणजे पाय लावला नाही, दोन सेकंदांनी टायर परत रस्त्याला टेकले. त्यानंतर घरापर्यंत ट्रकच्या मागे ५० ने आलो आणि मागचे सगळे हॉर्न मारत होते. टायर सदोष नव्हता बरं का, तो जे काम करायला बनवलाय ते तो करत होता, पाणी बाजूला सारायला खाचा लागतात आणि त्याच्याकडे त्या नव्हत्या. थंडीत पण हीच गत, समर कंपाउंड ७ अंशांच्या खाली कडक व्हायला लागतं आणि सेमीस्लिक तर गोठणाऱ्या थंडीत नुसता हलवला किंवा वाकवला तरी तडकू शकतो.

त्या रात्रीनंतर निवडायची पद्धतच उलटी केली. आधी लॅपटाइम बघायचो, आता आधी बघतो परतीचा पाऊस, मग सेशनच्या शेवटच्या दोन लॅपला टायर कसा वागतो ते, आणि पहिल्या लॅपचा टाइम सगळ्यात शेवटी. या हिशोबात चौथा सेट आला, हँकूक व्हेंटस आरएस४, २२५/४५ आर १७. दीड सीझन झाला, खरा रिव्ह्यू हाच म्हणा.

साइज एक नंबर वर नेला आहे, २१५ वरून २२५, ७ इंची रिमवर बसतो. व्यास साधारण ९ मिमीने वाढतो, दीड टक्क्याच्या आत, स्पीडोमीटर आधीच थोडा जास्त दाखवत असतो त्यामुळे काही जाणवत नाही. घेताना लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग कंपनीच्या आकड्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका, ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, डब्ल्यू म्हणजे २७० पर्यंत. आणि बसवायच्या आधी साइडवॉलवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा, ती टायर बनल्याची तारीख, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. ऑफरमध्ये मिळणारे ट्रॅक टायर बऱ्याचदा जुने पडून राहिलेले असतात, नक्षी पूर्ण पण रबर वाळलेलं.

ट्रॅकवर पहिला लॅप आरामात घ्यावा लागतो, हा या जातीचा स्वभावच आहे, दुसऱ्यापासून जो लागतो तो विसाव्या मिनिटापर्यंत सारखाच. हेच मला हवं होतं. माझी ब्रेकिंगची जागा सातव्या लॅपला तीच राहते, त्यामुळे चूक माझी की टायरची हा वादच नाही, माझीच असते. घसरायला लागला की हळूहळू घसरतो, सावरायला वेळ देतो. सेमीस्लिकपेक्षा लॅपला दोनेक सेकंद मागे आहे, असू दे.

हवेचं गणित मात्र शिकून घ्यावंच लागतं. तापमान साधारण साडेपाच अंशांनी वाढलं की हवेचा दाब १ पीएसआय (गेजवरचं एकक) वाढतो, म्हणजे सकाळी रोडच्या प्रेशरवर थेट ट्रॅकवर गेलात तर तिसऱ्या लॅपला टायर फुगलेला फुगा होतो आणि मधल्या पट्ट्यावर चालतो. मी सकाळी थंड टायरमध्ये २८ ठेवतो, सेशननंतर पिटमध्ये आल्या आल्या मोजतो, ३५ च्या वर गेला असेल तर सोडतो. आकडे माझ्या गाडीचे आहेत, तुमच्या गाडीला तुमचे शोधा, पण गेज एकच वापरा, दर वेळी वेगळा गेज म्हणजे दर वेळी वेगळं सत्य. आणि घरी निघायच्या आधी टायर थंड झाल्यावर हवा परत रोडच्या आकड्यावर भरायची, हे विसरणारे मी खूप बघितलेत, एकदा आरशात पण बघितलाय. कमी हवेवर हायवे म्हणजे साइडवॉलची वाट आणि पाण्यावर तरंगायला आमंत्रण.

रोडवर काय? आवाज आहे, या प्रकारच्या टायरला असतोच, काँक्रीटच्या रस्त्यावर गाणी जरा मोठ्याने लावतो. खड्डे कळतात. ट्रॅकवरून बाहेर पडताना गरम रबर रस्त्यावरचे सगळे खडे उचलतं आणि पहिला किलोमीटर चाकाच्या कमानीत टकटक टकटक चालू असतं, शेजारी बसलेला माणूस घाबरतो, काही होत नाही. पावसात समर टायरची सर नाही, पण खाचा आहेत, खोली आहे, साचलेल्या पाण्यात वेग कमी केला की गाडी ऐकते. फक्त ही खोली असेपर्यंतच. वेअर बार, म्हणजे खाचेतली टायर संपल्याची खूण, १.६ मिमीला असतो पण तिथपर्यंत थांबायचं नाही, मी ३ मिमीला आलो की पावसाच्या दिवशी ट्रॅक डे रद्द करतो आणि उरलेलं रबर कोरड्यात संपवतो, कारण कोरड्यात कमी नक्षीचा टायर उलट जास्त चांगला चालतो, ठोकळे बुटके झाल्यामुळे वाकत नाहीत.

नवीन लावल्यावर पहिल्याच दिवशी झोडपू नका, एक हलकं सेशन करून एक दिवस आराम द्या, मग रबर जास्त दिवस एकसारखं राहतं. सेशन संपवताना एक लॅप थंडा करा. चारही चाकं एका साइजची असतील तर पुढचे मागे करत राहा, माझे पुढचेच आधी जातात.

ज्यांच्याकडे जागा आहे, जास्तीची चार रिम आहेत आणि चाकं न्यायची सोय आहे त्यांनी रोडला चांगला समर टायर आणि ट्रॅकला वेगळा सेट ठेवावा, त्यात वादच नाही, ट्रॅकवर पोचून जॅक लावायचा आणि बदलायचे. माझ्या ८६ च्या डिकीत आणि मागच्या सीटवर मिळून चार चाकं बसतात हे मी मोजून बघितलंय. बायकोने विचारलं टेप घेऊन काय करतोयस, म्हटलं काही नाही. सध्या पुढच्या दोघांवर साडेतीन मिमी उरलंय आणि पुढचा ट्रॅक डे तीन आठवड्यांवर आहे, हवामानाचं ॲप रोज सकाळी बघतोय.