पुडीत काय आहे, हे विचारलंच नाही

माझी लेक तीन वर्षांची आहे, तिला ड्रावे सिंड्रोम आहे, म्हणजे जनुकातल्या दोषामुळे तान्हेपणीच सुरू होणारा अवघड अपस्मार, फिटचा आजार. पाच महिन्यांची असताना लशीनंतर ताप आला आणि उजवा हात-पाय पंचवीस मिनिटं उडत राहिला. जनुकीय चाचणीत एससीएन१ए या जनुकात दोष निघाला. लस नसती दिली तरी पुढच्या एखाद्या तापात हे सुरू झालंच असतं, असं डॉक्टरांनी समजावलं. पटलंही. तरी मनात कुसळ राहिलंच होतं, आणि त्या माणसानं नेमकं तेच धरलं.

ओपीडीबाहेरच्या बाकावर भेटला. "माझाही मुलगा असाच," म्हणाला. औषधाचं नावही काढलं नाही. "ताई, अंघोळीला कोमटच पाणी घेता ना? गरम पाण्यानं आमच्याला लगेच फिट यायची." हे सासूबाईंना मला चारदा सांगावं लागलं होतं! मग विचारलं, "रात्री झोप होते का तुमची?" तोवर हे कुणीच विचारलं नव्हतं. मी तिथंच रडले.

महिनाभर रोज फोन. मग कळलं, अशा पालकांचा त्यांचा 'परिवार' आहे. सभासद फी ५,००० रुपये, महिन्याच्या पुड्या ९,०००. "शुद्ध वनस्पती. लशीचं विष उतरतं." पैसे मेहुण्याच्या नंबरवर. पावती मागितली तर, "आपल्यात कसली पावती, ताई?" वहीच्या कागदात बांधलेली राखाडी भुकटी, दिवसातून दोनदा मधातून. इंग्रजी औषधं बंद करा म्हणाला. तेवढं ऐकलं नाही, व्हॅल्प्रोएट आणि क्लोबाझाम चालू ठेवलं. ती एकदम तोडली असती तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

पहिल्या आठवड्यात लेक शांत झाली. गुण आला म्हणून मी पेढे वाटले. ती सुस्ती होती. तिसऱ्या आठवड्यात चालताना भेलकांडायला लागली, फिट वाढल्या. फोन केला तर, "विष बाहेर पडतंय, पुडी वाढवा." मी वाढवली.

फिटची वही ठेवते मी : तारीख, वेळ, मिनिटं. डॉक्टरांनी ती चाळली. आधीच्या महिन्यात चार फिट, या महिन्यात एकोणीस. "दुसरं काही देताय?" मी नाही म्हणाले. ह्यांनी खाली बघत हो म्हटलं. रक्त तपासलं, त्यात फेनिटॉइन निघालं.

आमच्या फायलीवर लाल पेननं लिहिलंय : फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन देऊ नये. एरवी ही फिटचीच औषधं. पण ड्रावेत मेंदूला आवर घालणाऱ्या पेशींतली सोडियमची वाट आधीच अधू असते, ही औषधं तीच आणखी अडवतात. आणि मी ते रोज मधातून चाटवत होते.

अपस्मार बरा करतो अशी जाहिरात करायलाही १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे, हे मला नंतर कळलं. पुडीवर नाव, घटक, बॅच नंबर काही नसेल तर तोंडात घालू नका. घातली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका, उरलेल्या पुड्या फेकू नका. 'माझाही मुलगा असाच' म्हणणाऱ्याला मुलाची फाइल दाखवायला सांगा. मी सांगितलं नाही.

उरलेल्या अकरा पुड्या तक्रारीसोबत दिल्या. मग रांगेतल्या आणखी दोन आयांकडे तशाच निघाल्या. त्यातली एक म्हणाली, "पण तो फोन करून चौकशी तरी करायचा हो."