क्लिनिक की हाइम? दोन्हीकडे ड्यूटी केलेल्या ब्रदरचं मत

जर्मनीतल्या नर्सिंगच्या नोकरीची दोन ऑफर लेटर हातात आली की आपल्याकडची मुलंमुली फोन करतात आणि प्रश्न ठरलेला असतो : क्लिनिक (म्हणजे तिथलं हॉस्पिटल) घेऊ की फ्लेगेहाइम, म्हणजे वृद्धांचं नर्सिंग होम? २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून हे फोन जरा वाढलेत. मी त्याच राज्यात, स्टुटगार्टपासून तासाभरावर, आधी दोन वर्षं क्लिनिकच्या ऑर्थो वॉर्डात होतो. आता हाइममध्ये चौथं वर्ष चालू आहे. म्हणजे पंच तटस्थ नाही, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

बी-२ (जर्मन भाषेची पातळी), आनएर्केनुंग (आपल्या पदवीला तिथली मान्यता), परीक्षा यांबद्दल लिहीत नाही, दोन्हीकडे तेच आहे. २०२० पासून शिक्षणाचं आणि पदाचं नावही एकच झालंय, त्यामुळे हाइममध्ये गेल्याने आपला कागद हलका होत नाही. पगाराची भीतीही आता जुनी. सप्टेंबर २०२२ पासून हाइमना टॅरिफच्या, म्हणजे युनियनशी ठरलेल्या वेतनकराराच्या, तोलाचा पगार द्यावा लागतो, आणि जुलै २०२५ पासून फाखक्राफ्टला (पूर्ण शिकलेल्या नर्सला) तासाला २०.५० युरोपेक्षा कमी देता येत नाही. नाइट आणि रविवारचे भत्ते धरून माझ्या खात्यात तरी सांगण्यासारखा फरक पडला नाही.

फरक पडला तो गावाकडे. ‘पोरगा जर्मनीत हॉस्पिटलला आहे’ हे वाक्य आई चारचौघांत सहज बोलायची. हाइममध्ये गेलो तेव्हा मामांनी फोनवर विचारलं, ‘म्हाताऱ्यांचं करायला एवढ्या लांब गेलास होय रे?’ स्थळं बघणं चालू असेल तर याचाही हिशोब करावा, मी हसण्यावारी नेत नाही.

पण हाइम म्हणजे आपल्या डोळ्यांसमोरचा वृद्धाश्रम नव्हे. तिथे फ्लेगेग्राड, म्हणजे किती काळजी लागते त्याच्या पायऱ्या, एक ते पाच असतात आणि माझ्या मजल्यावर चार-पाचवालेच जास्त. इन्सुलिन, पोटातली नळी, कॅथेटर, जखमांची ड्रेसिंग, पार्किन्सनच्या गोळ्यांच्या मिनिटावर बांधलेल्या वेळा. अंग पुसणं, भरवणं आहेच, पण ते क्लिनिकमध्येही आपल्यालाच करावं लागतं. मिरजेला असताना स्पंजिंग मावशी आणि नातेवाईक उरकायचे, मी फक्त चार्ट भरायचो. ते दिवस दोन्हीकडे विसरायचे.

माझा निर्णय मात्र यातल्या कशावरून झाला नाही, भाषेवरून झाला. क्लिनिकमध्ये पेशंट चार-पाच दिवसांत घरी जातो. एकाची बोली कानात बसते न बसते तोच पलंगावर दुसरा. पहिल्याच महिन्यात एका आजोबांनी नाश्त्याला ‘ग्सेल्त्स’ मागितलं. मी मीठ नेऊन दिलं, कारण मिठाला ‘झाल्त्स’ म्हणतात एवढंच ठाऊक. श्वाबी बोलीत ग्सेल्त्स म्हणजे जॅम. आजोबा हसले, मीही हसलो.

दुसऱ्या वेळी हसू आलं नाही. खुब्याचं ऑपरेशन झालेल्या बाई रात्री म्हणाल्या, ‘फूस’ दुखतोय. पुस्तकात फूस म्हणजे पाऊल आणि बाइन म्हणजे वरचा भाग. मी पाऊल तपासलं, खाली उशी दिली, तसंच लिहून ठेवलं. सकाळच्या राउंडला मांडीत रक्त साकळलेलं निघालं. पुढे काही बिघडलं नाही, पण सर्जनने सगळ्यांसमोर झाडलं. या भागात फूस म्हणजे कमरेपासून बोटांपर्यंत सगळा पाय! आपण मराठीत म्हणतो अगदी तसा. जर्मन शिकलोच नसतो तर बरोबर समजलो असतो, असं त्या दिवशी वाटलं.

त्यात वॉर्डचा फोन ड्यूटीभर खिशात. पेशंट निदान बोट दाखवतो, फोनवर बोटही नसतं. लॅब, ओटी आणि आईची चौकशी करणारा लेक, जो तो आपापल्या गावच्या जर्मनमध्ये भरभर बोलणार आणि मी ‘परत सांगता का’ म्हणणार. तिसऱ्यांदा विचारलं की पलीकडे जो सुस्कारा ऐकू येतो, त्याला मी दोन वर्षांत कंटाळलो. कदाचित माझेच कान जड असतील. केरळच्या एका सिस्टरला असला त्रास अजिबात झाला नाही.

हाइममध्ये तीच माणसं वर्षानुवर्षं. कोणाचा ‘फूस’ कुठला, हे एकदा कळलं की कळलं. डॉक्टर आमच्याकडे आठवड्यातून एकदा येतात, एरवी ११६११७ (तातडी नसताना डॉक्टर मिळवायचा नंबर) फिरवायचा, थेट ११२ ला (इमर्जन्सीला) कळवायचं की सकाळपर्यंत थांबायचं, ते आपण ठरवायचं. आजी रोजच्यासारखी कुरकुरतेय की आज काही वेगळं आहे, हे ओळखीशिवाय कळत नाही. क्लिनिकमध्ये डॉक्टर हाकेच्या अंतरावर असल्याने ही जबाबदारी इतकी अंगावर येत नाही. काहींना तेच बरं वाटतं.

तोटेही आहेत. चार वर्षांत मी आयव्ही कॅन्युला क्वचितच हातात घेतली, हात गंजलाय. आयसीयू किंवा ओटीत जायचं मनात असेल, पुढे दुसरा देश किंवा भारतात परतणं डोक्यात असेल, तर मी तरी क्लिनिकच घ्या म्हणेन. तिथला आयसीयूचा कोर्स दोन वर्षांचा, मात्र त्याच्या जागेसाठी रांगेत थांबावं लागतं. हाइममध्ये वर चढायला गर्दी कमी. शिकाऊंना शिकवणाऱ्या प्राक्सिसआनलायटरचा कोर्स ३०० तासांचा, तो मी दुसऱ्याच वर्षी केला, खर्च मालकाने दिला. आता पीडीएल, म्हणजे सगळ्या नर्सिंगचा प्रमुख व्हायला लागणारा किमान ४६० तासांचा कोर्स खुणावतोय. क्लिनिकमधल्या माझ्या बॅचमेटचं नाव आयसीयू कोर्सच्या यादीतच अजून आहे.

आणि मृत्यू. तीन वर्षं रोज सकाळी जिला केस विंचरून दिले तिची खोली एका दुपारी रिकामी करायची, याची सवय मला झालेली नाही.

सही करण्याआधी मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा : रात्री किती मजल्यांना मिळून किती फाखक्राफ्ट? उत्तर देताना कोणी घुटमळलं तर दुसरं हाइम बघा, इथे बहुतेक गावांत एखादं असतंच.